मुलाखतीच्या खोलीतला पांढरा फळा

मी एक जुना फळा आहे. पण मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हांला जो काळा, खडूने माखलेला, शाळेच्या भिंतीवरचा गृहस्थ आठवतो, तो मी नव्हे. त्याचा आणि माझा दूरचा चुलतभावाचा संबंध. माझा रंग पांढरा. माझी पाठ पोलादी पत्र्याची, आणि तोंडावर भट्टीत भाजून चढवलेला गुळगुळीत थर. माझ्यावर खडू चालत नाही, शाईचं पेन लागतं. आणि मुलं माझ्यापुढे कधी बसली नाहीत. माझ्यापुढे बसली ती मोठी माणसं, घाबरलेली.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. पत्रा कापला गेला, त्यावर पांढरा लेप चढला, आणि मला भट्टीत सारलं. त्या उष्णतेबद्दल मी फार बोलत नाही. बाहेर आलो तेव्हा इतका चकाकत होतो, की मला तपासणाऱ्या कामगाराने माझ्यात बघून केस सारखे केले. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी एका सल्लागार कंपनीत आलो. ही कंपनी काही बनवत नव्हती. दुसऱ्यांचा धंदा चालत नसला की ते या कंपनीला बोलवत, आणि ही माणसं जाऊन बघून, मोजून, विचारून सांगत, की असं करा, तसं करा. चौथ्या मजल्यावरच्या एका लहान खोलीत मला टांगलं. खोलीत एक गोल टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग आणि मी. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसे. ही मुलाखतीची खोली.

इथे नोकरी मिळणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. आधी अर्ज चाळले जात. मग लेखी परीक्षा. मग पाच-सहा जणांना एकत्र बसवून चर्चा करायला लावत, आणि कोण ऐकतं, कोण नुसतंच बोलतं, ते बघत. यातून जी मोजकी माणसं उरत, ती माझ्या खोलीत येत. इथे त्यांना एक कोडं घालत. कोड्याला उत्तर असतंच असं नाही. विचार कसा करता ते बघायचं असे. उमेदवार उठून माझ्यापाशी येई आणि पेनाचं टोपण काढी. मित्रांनो, माणसाने पेन किती दाबून धरलंय हे त्याच्या समोरच्याला दिसत नाही, पण फळ्याला कळतं.

मुलाखत घेणारे दोघे. एक मोठे साहेब, उंच, मितभाषी. प्रश्न विचारून झाला की चष्मा काढून पुसत बसत. उमेदवाराला वाटे आपलं बोलणं त्यांच्या कानापर्यंत पोचतच नाही. पण ते सगळं ऐकत. दुसऱ्या मॅडम, हसतमुख आणि चोख. त्यांच्या हसण्यावर जाऊन पुष्कळ जण फसले. आणि संध्याकाळी मला पुसायला येत त्या सफाईच्या मावशी. त्यांचा हात हलका होता. पुसताना त्या माझ्याशी बोलत, म्हणजे स्वतःशीच. "आज कुणाचं गणित फसलंय वाटतं," असं म्हणत त्या खाडाखोड पुसत.

मुलाखत संपून उमेदवार गेला, की दोघं दार लावून त्याच्याबद्दल बोलत. ते बोलणं उमेदवारांना कधीच कळत नसे. त्यांना नंतर एक पत्र जाई. निवड झाली तर लांबलचक, नाही झाली तर दोन ओळींचं, सगळ्यांना सारखंच. मी मात्र दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. त्यांतली एक गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

त्या वर्षी एकच जागा होती आणि शेवटच्या फेरीत दोन उमेदवार. पहिला निळ्या टायचा तरुण. आला, नमस्कार केला, कोडं सोडवलं, गेला. दुसरी एका फिटरची मुलगी. ती स्वतःच तसं म्हणाली. आल्याआल्या मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण?" तर म्हणाली, "आई आणि बाबा. बाबा फिटर होते, पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात. आता एका सोसायटीत पंप बघतात." पत्र्याचं नाव निघताच मला ती आपल्या घरची वाटली.

कोडं असं होतं. एक कंपनी लोखंडी कपाटं बनवते. तिचे दोन कारखाने, एक जुना शहरात, एक नवा लांब. मागणी घटली आहे. काय करावं?

ती उठली. तिने माझ्यावर सरळ दोन रकाने आखले. जुन्या कारखान्यात एका कपाटाला किती खर्च येतो, नव्यात किती, ते ती विचारत गेली आणि मांडत गेली. अक्षर टपोरं, हात ठाम. शेवटी वळून म्हणाली, "जुना बंद करावा लागेल."

"वाचणारा पैसा एवढा?" साहेबांनी तिने मांडलेल्या आकड्याकडे बोट केलं. "खात्री आहे?"

तिने एकवार माझ्याकडे पाहिलं. "आहे."

साहेब चष्मा पुसू लागले. मला कळलं, काहीतरी राहिलं आहे. नवा कारखाना लांब होता, तिथून शहरात कपाटं आणायचा वाहतुकीचा खर्च तिने धरलाच नव्हता. निर्णय बदलला नसता, पण वाचणारा पैसा निम्म्यावर आला असता. निळ्या टायच्या तरुणाने तो खर्च धरला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळ्याला जे लिहिलं जाईल तेवढंच बोलता येतं.

मॅडमनी मग नेहमीचा प्रश्न विचारला. "आमच्याच कंपनीत का यायचंय तुम्हांला?"

या प्रश्नाला सगळे जण गोड उत्तरं देत. ही मात्र पेनाला टोपण लावून, ते टेबलावर ठेवून म्हणाली, "मी शाळेत होते तेव्हा बाबांच्या कारखान्यात तुमची माणसं आली होती. कारखान्याचं काय करायचं ते बघायला."

"आमची?"

"हो, याच कंपनीची. ती बाबांच्या विभागात यायची होती त्या दिवशी बाबांनी गणवेशाला कडक इस्त्री केली. त्यांना वाटलं, आपल्या मशीनबद्दल काहीतरी विचारतील. पण ती माणसं नुसती मागे उभी राहिली, काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे गेली. मग तीन-चार महिन्यांनी एके सकाळी बाबा कामावर गेले, तर फाटकाला कुलूप आणि त्यावर कागद चिकटवलेला. ते तसेच घरी परत आले. आईला वाटलं, तब्येत बिघडली."

"मग आमच्यावर राग असेल," मॅडम म्हणाल्या.

"होता. म्हणून तर हे सगळं शिकले. कॉलेजात असताना त्या कारखान्याचे जुने हिशेब मिळवले आणि स्वतः मांडून पाहिले. सगळीकडे प्लॅस्टिकचे डबे आले होते. कारखाना बंदच करायला हवा होता. मी असते तरी तेच सांगितलं असतं."

"मग तक्रार कसली?"

"कुणी सांगितलं नाही, ही. ज्यांना आधी कळायला हवं होतं त्यांना सगळ्यांत शेवटी कळलं, तेही कुलपाकडून." ती थांबली. "हे काम मला जमेल असं वाटतं. आणि त्यातला हा भाग कुणी करत नाही असंही वाटतं. म्हणून यायचंय."

साहेब माझ्याकडे बघत होते, पण वाचत काही नव्हते. त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. मॅडमनीच आभार मानले, आणि ती गेली.

दार लागलं. मॅडम म्हणाल्या, "हुशार आहे. पण वाहतूक विसरली, आणि विचारल्यावरही खात्री आहे म्हणाली. शिवाय थोडी कडवट वाटली मला. तुम्हांला?"

"कडवट नाही वाटली."

"मग तुमचं मत काय? हो की नाही?"

"मी मत देणार नाही."

मॅडमनी कागद खाली ठेवले. "का?"

"त्या कारखान्यात गेलेल्यांत मी होतो," साहेब म्हणाले. "या कंपनीत आलो तेव्हाचं माझं पहिलंच काम. मशीनच्या मागे उभे राहून लिहून घेणारे आम्हीच."

"मग तिच्यासमोर का नाही बोललात?"

"तोंडातून शब्द फुटला नाही."

मॅडमनी विचारलं, "मत दिलं असतंत तर काय दिलं असतंत?"

"हो म्हणालो असतो. पण ती चांगली आहे म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून, ते माझं मलाच सांगता येत नाही. म्हणून गप्प बसतो."

मॅडम उठून माझ्यापाशी आल्या. त्या मुलीचे रकाने त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचले. "मग मला एकटीलाच ठरवायचंय," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनावरच्या ओझ्यापायी तिला घेतलं आणि उद्या तिला ते कळलं, तर तिला काय वाटेल? कामावर बघायचं तर तो मुलगा सरस ठरला. त्यालाच घेऊ या."

साहेबांनी मान हलवली. मित्रांनो, मला त्या दिवशी दोघांचाही राग आला होता. आज नाही येत. दोघंही आपापल्या जागी खरे होते, आणि तरीही त्या मुलीची नोकरी हुकली. अशाही गोष्टी जगात घडतात.

दोन ओळींचं पत्र निघायचं होतं. साहेब म्हणाले, "हिला पत्र नको. मी फोन करतो." संध्याकाळी मावशी फडकं घेऊन आल्या, तेव्हाही त्यांनी अडवलं. "मावशी, एवढं आजचा दिवस राहू द्या." मावशी माझ्या कडेची धूळ तेवढी टिपून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब एकटेच खोलीत आले. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि माझ्यासमोर उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण नंबर लावण्याआधी दोनदा पाणी प्यायला.

"तुमची निवड झालेली नाही," त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "बरं," ती म्हणाली.

"का झाली नाही ते सांगू?"

"सांगा ना, सर."

"तुमचं लिखाण माझ्यासमोरच आहे. नव्या कारखान्याचा रकाना. त्यात तुम्ही कच्चा माल धरलात, पगार धरले, वीज धरली..."

"वाहतूक," ती म्हणाली. "घरी जाताना बसमध्ये आठवलं. पुढचे दोन थांबे मी डोकं धरूनच बसले होते."

साहेब किंचित हसले. मग त्यांचा आवाज खाली आला. "आणखी एक गोष्ट. तुमच्या बाबांच्या कारखान्यात आलेल्या माणसांत मी होतो. काल समोर होतात तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"म्हणून नाही म्हणालात का?"

"नाही. मी मतच दिलं नाही."

"दिलं असतं तर?"

"हो म्हणालो असतो."

ती हसली. आनंदाचं हसू नव्हतं ते. "मग द्यायचं होतं की, सर."

मी इतकी वर्षं त्यांना लोकांना निरुत्तर करताना पाहिलं होतं, त्यांना निरुत्तर झालेलं पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा हं. बाबा इथेच आहेत. त्यांना बोलायचंय."

फोन हातातून हातात गेल्याची खसखस झाली. "नमस्कार साहेब. आमच्या पोरीचं काय चुकलं?"

साहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं. बाबांनी मध्ये मध्ये "हं, हं" केलं. "म्हणजे घाई केली," ते शेवटी म्हणाले. "लहानपणापासून घाईच आहे तिला."

"मी तुमच्या कारखान्यात आलो होतो त्या वेळी," साहेब म्हणाले.

"ऐकलं आत्ता. पण बरेच जण होते हो तुम्ही. सगळे एकसारखे कपडे घातलेले. लक्षात नाही बघा माझ्या."

साहेब खुर्चीवर बसले. मला वाटतं, ते शिव्या खायला तयार होते, माफीलाही तयार होते. आपण कुणाच्या लक्षातच नाही, याला मात्र ते तयार नव्हते. "तुम्हांला आधी सांगायला हवं होतं," ते एवढंच म्हणाले.

"सांगितलं असतं तरी बंद झालाच असता ना?"

"हो."

"मग निदान त्या दिवशी हिच्या आईनं पहाटे उठून डबा तरी केला नसता. आणि मी रोजचं हसतखेळत घरून निघालो नसतो." थोडं थांबून ते म्हणाले, "ते असू द्या. झालं गेलं. पोरीला पुन्हा येता येईल का, तेवढं सांगा."

"एक वर्षानं अर्ज करता येतो."

"मग येईल ती. ठेवतो साहेब, पंप सुरू करायची वेळ झाली."

फोन बंद झाल्यावर साहेबांनी माझ्यावरचे दोन्ही रकाने स्वतःच्या हाताने पुसले.

तेव्हापासून साहेबांनी दोन ओळींची पत्रं बंद केली. ज्यांची निवड होत नसे त्यांना ते स्वतः फोन करत, आणि का झाली नाही ते सांगत. सोपं नव्हतं ते. एक उमेदवार त्यांच्यावर खेकसला, एक जण रडला, एकीने फोन मध्येच ठेवून दिला. भरतीचं काम बघणाऱ्या ताई कुरकुरल्या, "साहेबांना नसती हौस." पण पुष्कळ जण शेवटी म्हणत, "बरं झालं सांगितलंत."

पुढच्या वर्षी फिटरची मुलगी परत आली. साहेब त्या दिवशी खोलीकडे फिरकलेच नाहीत. मॅडम आणि दुसरे एक जण मुलाखतीला होते. कोडं वेगळं होतं, दवाखान्यांचं. तिने टोपण काढलं आणि पहिल्याच ओळीत 'वाहतूक' लिहून खाली जाड रेघ मारली. दवाखान्यांच्या त्या कोड्यात वाहतुकीचा काडीचा संबंध नव्हता. मॅडमनी हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. तिची निवड झाली.

ती कामात कशी होती हे मला थोडंच माहीत, कारण मी एका खोलीतला. पण काही वर्षांनी ती दोन तरुण सहकाऱ्यांना घेऊन माझ्यापुढे आली. एका कंपनीचं गोदाम बंद करायचा सल्ला त्यांनी दिला होता, आणि तो मान्य झाला होता. आता तिथल्या कामगारांना सांगायचं होतं. सांगायला कंपनीच्या मालकाबरोबर आपणही जायचं, असं तिने ठरवून घेतलं होतं.

"फोनवर संदेश पाठवू या की सगळ्यांना," एक सहकारी म्हणाला. "एका मिनिटाचं काम."

"समोर उभं राहून सांगायचं," ती म्हणाली. "आणि काय सांगायचं ते आत्ता ठरवायचं."

मित्रांनो, माझ्यावर आजवर आकडे लिहिले गेले, रकाने, बाण आणि चौकोन काढले गेले. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर माणसांशी बोलायची वाक्यं लिहिली गेली. सहकाऱ्याने लिहिलं, 'बदलत्या परिस्थितीत काही कठोर निर्णय घेणे अपरिहार्य झाले आहे.' तिने ते खोडलं आणि खाली लिहिलं, 'गोदाम बंद होणार आहे.'

"एवढं उघड?"

"एवढंच उघड. मग कधी, ते सांगायचं. मग पगाराचं. गोलगोल बोललं की माणसाला वाटतं, अजून आशा आहे."

दारातून जाताना साहेब थबकले. त्यांचे केस आता पांढरे झाले होते. तिने त्यांना आत बोलावलं. "सर, तुम्ही कामगार व्हा. मी सांगते, तुम्ही विचारा."

साहेब उमेदवाराच्या खुर्चीत बसले. तिने त्यांच्याकडे बघत एकेक वाक्य म्हटलं, न अडखळता. सगळं सांगून झालं. साहेबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. ते म्हणाले, "बरं. मग मी आता कुठे जाऊ?"

माझ्यावर लिहिलेल्या कुठल्याच ओळीत याचं उत्तर नव्हतं. तिने तो प्रश्न जसाच्या तसा माझ्यावर लिहिला आणि खाली भलीमोठी जागा मोकळी सोडली. मग बाहेरून आणखी एक खुर्ची आणून चौघं बसले. जवळपास कुठे कामाच्या जागा आहेत, कुणाला काय येतं, मालकाकडून आणखी काय मागून घेता येईल, यावर त्यांची दुपार गेली. ती जागा पुरती भरली नाही. पण कोरीही राहिली नाही.

गोदामातून परत आल्यावर ती माझ्याच खोलीत साहेबांना सांगत होती, "कुणी काही छान म्हटलं नाही, सर. दोघी उठून निघून गेल्या. एक आजोबा मात्र बसून राहिले, आणि सगळं पुन्हा एकदा सांग म्हणाले. मी पुन्हा सांगितलं."

"मग?"

"मग म्हणाले, आता घरी जाऊन मी माझ्या तोंडानं सांगतो."

आता मुलाखती पडद्यावर होतात. उमेदवार आपल्या घरी, विचारणारे आपल्या घरी. माझ्या खोलीत छपाईचं यंत्र आलं आणि मला उचलून चहाच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर टांगलं. साहेब निवृत्त झाले. मावशीही गेल्या, मुलाकडे राहायला. कुणीतरी माझ्यावर न पुसणाऱ्या पेनाने 'दूध संपले आहे' असं लिहून ठेवलंय. दूध केव्हाच आलं, पण ते वाक्य काही जात नाही. कधी कधी फिटरची मुलगी येता-जाता नखाने ते खरवडून बघते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कधी टेबलाच्या या बाजूला बसाल, कधी त्या. कुणाला नाही म्हणायची पाळी तुमच्यावर आली, तर दारावर कागद चिकटवून पळू नका. समोर जा, पहिल्याच वाक्यात खरं ते सांगा, आणि ते माणूस पुढे जे विचारेल त्यासाठी थोडं थांबा. आणि नकार तुमच्या वाट्याला आला, तर आपलं काय चुकलं ते विचारायला लाजू नका.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मागणं थोडंच आहे. कधी माझ्यासारखा कुणी भिंतीवर दिसला, तर लिहून झाल्यावर पेनाला टोपण लावा आणि पुसायला मऊ, कोरडं फडकं घ्या. पुसायच्या आधी एकदा वाचून बघा. कुणाचं तरी अजून सांगायचं राहिलेलं असेल.